स्निग्धांश

गोलोम्यांका उन्हात ठेवू नकोस, प्रोकोपी म्हणतो,
विरघळते.
बैकालच्या खोल पाण्यातला मासा, अंगाला खवला नाही,
मागे बोट धरलं तर बोट दिसतं आरपार.
त्याच्या आजीनं म्हणे एकदा मुद्दाम ठेवला होता दगडावर:
संध्याकाळी उरला पाठीचा काटा
आणि एक डाग,
जो पुढच्या हिवाळ्यानंतरही तिथंच होता.

माझी रीत लांबलचक.
आधी चिमूटभर मांस,
वजन चार दशांश स्थळांपर्यंत.
मग गोठवून वाळवायचं, पाणी हिशेबाबाहेर.
कागदी नळकांडीत भरायचं.
खाली ईथर उकळतं, वर चढतं, गार होऊन ठिबकतं,
काठोकाठ आलं की स्वतःच गळून पुन्हा खाली,
पुन्हा वर.
सहा तास.
मी मध्ये चहा पिते, दुधाचा, मीठ घालून.
शेवटी ईथर उडून जातं,
तळाशी पिवळसर काहीतरी राहतं.
भरल्या चंबूतून रिकामा चंबू वजा.

गोलोम्यांका: शेकडा अडतीस.
ओमुल: नऊ.
नेर्पा, मादी सील, बर्फ फुटताना जाळ्यात गुदमरलेली:
कातडीखाली दोन बोटं थर,
असायला हवा होता चार.
पिल्लाला पाजून पाजून रिती झालेली.
रकाना, स्निग्धांश. शेरा, कृश.
प्रोकोपीनं वहीत डोकावून विचारलं,
हे लिहायला सहा तास?
मला तर ओढतानाच कळलं होतं, हलकी लागली.

लहानपणी मी उलट बोलले की
आई म्हणायची, चरबी चढलीय तुला,
थांब, उतरवते.
चहाची पळी घेऊन मागे धावायची,
मी मेंढ्यांच्या कुंपणाआड, हसू दाबत.

काल इर्कुत्स्कच्या दवाखान्यात
एक नर्स आली, माझ्याहून बरीच लहान.
आईच्या दंडाची कातडी तिनं चिमट्यात धरली.
तोच चिमटा, काटा नि तबकडीवाला,
सीलच्या पिल्लांसाठी आमच्याकडे आहे तो.
आकडा वाचला, लिहिला,
मला दिसावा म्हणून कागद थोडा वळवलाही.
मी खिडकीवरचं दव पुसत बसले,
आतल्या बाजूचं पुसून झाल्यावरही.

'हात किती गार गं मेलीचे!'
आई म्हणाली, मुद्दाम मोठ्यांदा,
तिला दारापर्यंत ऐकू जाईल असं.

आहे म्हणायची अजून
थोडी.