पुरुषांचा वार

लिमात सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांचे.
बायकांनी त्या दिवशी घरात.

एर्मोहेनेस, वय अडुसष्ट,
पहिल्यांदाच पिशवी घेऊन मंडईत.
मास्कच्या वाफेनं चष्मा धुरकट,
हातात दोमितिलाची यादी:
पिवळे बटाटे. दाबून बघ.
कोथिंबीर. पार्सली नव्हे, वास घे.

मास्कमधून कसला वास?
शेजारी आणखी तिघे बाप्ये
जुड्या नाकाशी धरून उभे,
तोंडी परीक्षेला अडलेल्या पोरांसारखे.

भाजीवाली लांबूनच ओरडली,
"दोमितिलाचे ना तुम्ही? पिशवीवरून ओळखलं.
गुडघा कसा आहे तिचा?"

कुठला गुडघा?

"बरा आहे," तो म्हणाला.

चार मजले. बहात्तर पायऱ्या.
आज पहिल्यांदा मोजल्या,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.

दारातच ती, "पार्सलीच आणलीस शेवटी."

तो खाली बघत,
"डावा की उजवा?"