टॅनरी ओढ्यावरची मोरी

जुलैतल्या एका रात्री टॅनरी ओढ्यानं
मोरी उचलली
आणि खाली हॅस्किनच्या मक्यात नेऊन टाकली.
सकाळी पाहिलं तर रस्ता होता,
मग नव्हता,
मग पुन्हा होता.
मधल्या अठरा फुटांत नुसतं गढूळ पाणी,
पलीकडे ऑर्फा पेल्की आणि तिच्या सात बकऱ्या,
अलीकडे तिचं इन्सुलिन,
पोस्टमास्तरणीच्या डब्याशेजारी, फ्रीजमध्ये.

मी या गावाची कारकून. वरमाँटच्या डोंगरातलं गाव,
नकाशात घडी पडते नेमकी त्यावरच.
जन्म, मृत्यू, कुत्र्यांचे परवाने, मतपत्रिका,
सगळं माझ्या एकाच कपाटात.
मी फोन उचलला.

रस्ता तुमचा, राज्य म्हणालं.
ओढा आमचा, हेही राज्यच म्हणालं,
आणि ओढ्यातला मासाही आमचा,
तेव्हा मोरी हवी बारा फुटी,
ट्राउटला वर पोहून जाता यावं अशी.
पैसे वॉशिंग्टनचे, रुपयातले बारा आणे,
पण होती तश्शीच बांधाल तर.
होती ती चार फुटी.
चार फुटी होती म्हणून तर गेली,
हे मी तीन दिवसांत तीन बायकांना सांगितलं.
तिघी भल्या होत्या.
तिघींनी लिहून घेतलं.

शाळेत थर्झा बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं होतं,
याचं मनगट त्याच्या मुठीत,
त्याचं तिसऱ्याच्या,
म्हणजे इथं कुणी राजा होत नाही, मुलांनो.
बाई खरंच सांगत होत्या.
फक्त वाहून गेलेली मोरी उचलायला
हात कुणाचा मोकळा,
ते विचारायचं राहून गेलं.

चौथ्या दिवशी वेंडेल हॅस्किननं
आपल्या रानातले दोन ओंडके आडवे टाकले,
वर गोठ्याच्या फळ्या ठोकल्या.
हा तोच वेंडेल, दर मार्चच्या ग्रामसभेत
प्रत्येक ठरावाला 'नाही' म्हणायला
गुडघे दुखत असतानाही उभा राहणारा.
त्यानं कुणाला विचारलं नाही.
कुणी त्याला हो म्हणालं नाही.

मग राज्याची तपासनीस आली, डेलिया ओकाम्पो,
बूट नवे, कागद जुना.
ओढ्याच्या पात्रात विनापरवाना बांधकाम.
ती फळीपाशी थांबली.
पाण्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं,
पलीकडे ऑर्फा, काखेत एक करडू,
दुसरा हात हलवतेय.
डेलियानं फाइल माझ्या हातात दिली,
इन्सुलिनची पिशवी माझ्या हातातून घेतली
आणि गेली.
फळी दोनदा वाकली.
परत येऊन तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
पाहिली. चालूनही पाहिली.
पुढचा रकाना कोरा ठेवला.

मार्चमध्ये ग्रामसभा भरली, शाळेच्या जेवणघरात,
उकडलेल्या घेवड्याच्या वासात.
बारा फुटी बांधायची, वरचा खर्च गावानं सोसायचा.
एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न.
वेंडेल 'नाही'त.
मोजणी संपल्यावर टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला,
यंत्र उभं करायला जागा लागेल,
माझा मका काढून झाला की सांगतो.

मोरी झाली. दीड वर्ष आणि एकतीस पत्रांनी.
त्यातली आठ, पाटीवर नाव कुणाचं आधी यावर.
पाटी अजून लागली नाही.
ट्राउट अजून दिसला नाही,
पण डेलिया दर महिन्याला येते,
पोटावर पालथी पडून आत डोकावते,
आणि मग ऑर्फाकडे चीज खायला जाते.

वेंडेलच्या फळ्यांचं आता बाक झालंय, माझ्या कचेरीबाहेर.
ते डुगडुगतं.
ऑर्फा त्यावर बकऱ्या घेऊन बसते, माझी वाट बघत.
मी म्हणते, अगं, परवाना कुत्र्यांना लागतो,
बकऱ्यांना नाही.
ती म्हणते, माहीत आहे.
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, एवढंच.