वृंदाच्या टेबलासाठी

अठ्ठावीस वर्षं अंबडच्या कारखान्यात
माझ्या हाताशी लाल रंगाचा डबा होता.
बुश मापात नसला की त्यावर फुली,
फुलीचा माल भंगाराच्या पेटीत.
कुणी वाद घालायचं नाही.
व्हर्निअर सांगेल ते खरं.

आता त्याच व्हर्निअरनं मी मॅटीची भोकं मोजतो.
दहीपुलावर छाजेडनं लडी काढता काढता विचारलं,
वहिनींना नाही पाठवलं? रंग चुकतील.
म्हटलं, तिच्याचसाठी आहे,
चुकले तर बदलून नेईन, बिल दे.

वृंदाला पंचावन्नाव्या वर्षी सनद मिळाली.
कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली,
एक टेबल, तेही अर्धं.
उरलेल्या अर्ध्यावर एक टंकलेखक, त्याचा डबा, त्याची छत्री.
तिची पेनं, टाचण्या, शाईचं पॅड, चष्मा
आणि लिमलेटच्या गोळ्या
रोज एकमेकांत मिसळतात.
घरी येऊन ती पिशवी पलंगावर उलटी करते.
त्या ढिगाकडे बघून मी पहिली रेघ मारली.

अस्तर माझ्या निळ्या गणवेशाचं.
खिशावरचं कंपनीचं नाव उसवलं,
तरी दोऱ्याच्या जागी गडद अक्षरं राहिली,
ती आत वळवली.
मध्ये बकरम, तळाला कॅलेंडरचा पुठ्ठा, वर पाच कप्पे.
मशीन जुलेखाबींचं.
त्या म्हणाल्या, भाऊ, कापड ओढू नका, ते आपलं आपण चालतं.
मी ओढलं. सुई मोडली.
दुसरीही.
खैरनार खाली स्कूटर पुसत होता, तिथूनच ओरडला,
"साहेब, रिजेक्शन किती टक्के?"

समोर काय काढायचं?
द्राक्षं नकोत, वृंदा म्हणाली,
सगळं नाशिक काय वेलीवरच लटकलंय?
मग आलेखाच्या कागदावर मी गोदावरी धरली.
पण फुल्यांना वळण येत नाही.
कितीही बारीक घ्या, वळणाच्या पायऱ्या होतात.
तीन रात्री उसवलं.
चौथ्या रात्री सुईत दोरा ओवताना लक्षात आलं,
आपल्या गावात नदी तशीच तर भेटते,
आधी पायऱ्या, मग पाणी.

पायऱ्यांशी दुतोंड्या मारुती.
त्याला शेंदरी लड पुरली नाही, पुन्हा दहीपूल.
लहानपणी पुराचं माप तोच:
आज घोट्याला, आज गुडघ्याला, आज कंबरेला.
माझ्या आधीचा तपासनीस.
एक तोंड वादीकडे, एक प्रतिवादीकडे,
हे मात्र वृंदाचं.

तीच फुली.
डावा पाय खाली, उजवा वर,
बावीस झाल्या की मारुतीचा एक हात.
मधूनच मी थांबायचो, पेटी शोधल्यासारखा
पलंगाखाली बघायचो.
एवढ्या फुल्या मारल्या
आणि फेकायला काहीच नाही.

दिलं तेव्हा तिनं आधी मागची बाजू पाहिली.
वकील झाली आहे.
गाठी, लोंबते दोरे, एक रक्ताचा ठिपका.
मग पुढून, सावकाश, पायरी पायरीनं,
आणि तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं
जिथं एका फुलीचा वरचा पाय उलटा पडलाय.
मला शिवून झाल्यावर दिसला होता.
"ही?"
"मापात नाही."
ती "हं" म्हणाली, निकाल राखून ठेवल्यासारखं.
मग चष्मा एका कप्प्यात, टाचण्या दुसऱ्यात,
पॅड, गोळ्या, शेवटी पेनं,
ती मारुतीच्या डोक्यावरून वर आली.
"पूर," ती म्हणाली.

उद्या जरा लवकर निघणार आहे.
टंकलेखक यायच्या आत
अर्धं टेबल म्हणजे नेमकं किती
ते तिला मांडून ठेवायचंय.
जाताना व्हर्निअर मागितला.