नऊचा आकडा

उत्तर चुकलं तर शून्य.
प्रश्न वाचून, घुटमळून कोरा सोडला तर आठ.
आणि मूल तिथवर आलंच नाही तर नऊ,
म्हणजे 'पोचला नाही'.
हे नियम मीच लिहिले सोळा वर्षांपूर्वी,
बिश्केकच्या याच खोलीत, हीटर बंद पडलेला,
हातमोजे घालून.

सगळ्यांना मोजणं देशाला परवडत नाही.
चिठ्ठ्या टाकून शाळा निघतात, शाळेतून चौथीची मुलं,
आणि एकेक मूल इतरांच्या वतीने बसतं.
नारिनच्या डोंगरातल्या एखाद्याच्या खांद्यावर
नव्वद जण असतात.
हे त्याला कोणी सांगत नाही. बरंच आहे,
पेन्सिलच उचलली नसती त्याने.

उपमंत्री बेक्तुर साहेबांना एकच आकडा हवा असतो,
एका दमात वाचता येईल असा.
मी म्हणते, चुकीची शक्यता धरून बोलावं लागेल.
ते म्हणतात, बुरुल एजे,
चूक धरून कोणी भाषण करतं का?

यंदा पेट्या आल्या एप्रिल संपताना,
सुतळीने बांधलेल्या, बुडाला चिखल.
आक-तेरेक गावच्या पेटीत तेरा पुस्तिका.
बारावी उघडली.
चौदाव्या प्रश्नापर्यंत सगळं स्वच्छ.
अपूर्णांक बरोबर, उताऱ्याचं तात्पर्य बरोबर.
लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून नवव्यावर गेली, किती मजले चढली?
सहा.
लिफ्ट पाहिली नसणार त्याने,
मजले मात्र जपून मोजले.
पंधराव्याला 'ब'भोवती अर्धाच गोल.
पुढे कोरं.

पर्यवेक्षिका झीपाराने नोंदवहीत लिहिलंय,
बारीक अक्षरात, जणू तिचीच परीक्षा:
'१०.४० वाजता काका घोड्यावरून आले.
मेंढी अडली होती. कोकरू आडवं.
घरात बाकी सगळ्यांचे हात मोठे.
मी अडवलं नाही. नियमभंग असल्यास माफी असावी.'

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
नियमावली काढली.
आजारपणाला रकाना आहे, वीज जाण्याला आहे,
भूकंपालासुद्धा आहे.
लहान हातांना नाही.

एर्मेक, माझा सहायक, पोरगेलाच, म्हणाला,
एजे, ही पुस्तिकाच वगळू या.
मग त्याचे नव्वद जण कुठे बसवू?
तर पुढचे सगळे बरोबर धरा. त्याला येतच होतं.
येत असेल. पण आपण दया मोजत नाही, मी म्हटलं,
आणि माझाच आवाज मला
फूटपट्टीसारखा लागला.

पंधराव्याला आठ की नऊ, यावर दोन कप चहा गार झाला.
त्यानंतर मी स्वतःच बसून भरत गेले
नऊ, नऊ, नऊ,
तिसाव्यापर्यंत.
तिसऱ्या दशांशात काहीतरी हललं. तेवढंच.

अहवाल एकशे चाळीस पानी.
माझी म्हणावी अशी ओळ त्यात एकच,
परिशिष्ट 'ड'मध्ये, जिथवर कोणी जात नाही:
'पुढील चाचणी नोव्हेंबरात घ्यावी.
एप्रिलमध्ये मेंढ्या वितात.'
साहेबांनी 'वितात'खाली लाल रेघ ओढली.
मी 'प्रसूत होतात' केलं.
नोव्हेंबरला त्यांनी हात लावला नाही.

जूनमध्ये पुस्तिका कातरयंत्रात जातात, नियमच आहे.
त्याआधी एकदा मी शाळेत फोन लावला.
कोळसा पुरला का, विचारलं. पेन्सिली पुरल्या का.
झीपारा हो हो म्हणत राहिली,
सरकारी फोनला म्हणतात तसं.
मग विचारलं ते.
लाइनीवर वारा होता, किंवा तिने श्वास घेतला.
'जुळी निघाली, एजे. दुसऱ्याला वेळ लागला.
मी पुस्तिका गोळा करत होते,
तेव्हा दारात उभा होता तो.
हात धुऊन आला होता.'