फ्रिजच्या दारातली ट्यूब

हे काचेच्या बाटलीत राहत नाही, काच खातं.
एवढं एक आधी ध्यानात धर, मारेट.
बाकी सगळं त्या सोळा कलमांच्या कागदावर आहे,
त्याच्यावर सही कर, आणि मग माझं ऐक.

तार्तूच्या या तळघरात एकोणतीस हिवाळे
मी दगड विरघळवतेय.
वालुकाश्माचा तुकडा आम्लात सोडायचा,
हूडची झडप खाली ओढायची, घरी जायचं.
काही दिवसांनी दगड नसतो.
तळाशी उरतात चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू,
रव्याहून बारीक, अंगावरचे काटे शाबूत.
दगड गेला आणि काटे राहिले,
याचं मला अजून नवल वाटतं.

वास असतो, पण वास येईपर्यंत थांबू नकोस.
रंग नाही. पाण्यासारखं दिसतं,
आणि सौम्य असेल तर हाताला
पहिले काही तास पाण्यासारखंच वाटतं.

तैमो तिथेच फसला.
फेब्रुवारी. ग्लोव्हला सुईच्या टोकाएवढं भोक,
उजव्या अंगठ्यावर ओल.
त्यानं ती पँटला पुसली.
पँटला!
संध्याकाळी बहिणीकडे काळा पाव नि खारी हेरिंग खाल्ली,
भाच्याला बुद्धिबळात हरवलं, आणि झोपला.

रात्री दोनला माझा फोन वाजला.
"हेल्वे, नखाखाली कुणीतरी पेटवलंय,
आणि वर काहीच दिसत नाही."

वर काहीच दिसत नाही, हीच त्याची चाल.
कातडीशी त्याचं फारसं भांडण नसतं.
ते खाली उतरतं, हाडातलं कॅल्शियम हुडकत.
जोरकस असेल, डाग तळहाताएवढा असेल,
तर रक्तातलंही ओढून घेतं,
मग हृदयाचा ठेका चुकतो
आणि माणूस बोलता बोलता गप्प होतो.

"नळाखाली धर," मी म्हटलं, "मी येईपर्यंत काढू नकोस."
ॲम्ब्युलन्सला सांगितलं, आम्लाचं नाव अक्षर अक्षर फोडून.
मी बटाटा गल्लीत राहते, तो वाटाणा गल्लीत;
या भागात गल्ल्यांना भाज्यांचीच नावं आहेत.
नाइटगाउनवर कोट, खिशात ट्यूब,
बर्फावरून दोनदा आपटले.

कॅल्शियम ग्लुकोनेट. पांढरं, गारढोण, बेचव दिसणारं.
मी आधी स्वतः ग्लोव्ह घातले,
मग त्याच्या अंगठ्याला चोळत बसले,
नखाच्या कडेकडेनं, कणीक मळल्यासारखं,
पुसून पुन्हा नवं, पुसून पुन्हा नवं.
तो भिंतीला डोकं टेकून वेलींची लॅटिन नावं म्हणत होता.
डॉक्टर आला, पोरसवदा. अंगठा बधिर करायला निघाला
तर मी त्याचं मनगटच धरलं:
नको. दुखणं आहे तोवर कळतं,
ते आत कुठवर गेलंय.
ते थांबेल तेव्हाच आपण पोचलो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि सुई खाली ठेवली.

पुढे इस्पितळ. बोटात कॅल्शियमची इंजेक्शनं,
छातीला रात्रभर वायरी.
नख गेलं, आलं ते वाकडं आलं.
आता तो व्हिल्यांदीच्या शाळेत भूगोल शिकवतो,
थंडी पडणार असली की अंगठा त्याला आदल्या दिवशी सांगतो.

तुला सांगते ते असं:
थेंब दिसला, दिसला नाही, नुसता संशय आला
तरी आधी ओरड. लाज धरू नकोस.
कपडे काढ, पाणी सोड, घड्याळात पाच मिनिटं.
मग जेल. मग इस्पितळ, दुखत नसलं तरी.

आणि हे कुठल्याच कलमात नाही.
त्या वर्षी इथल्या फ्रिजमधल्या ट्यूबची मुदत संपून
दोन वर्षं झाली होती.
दर महिन्याला तपासून वहीत 'ठीक' लिहिणारी
मीच होते.
ताजी होती ती माझ्या घरी, लोण्याच्या शेजारी.
तैमोनं कधी विचारलं नाही.

दर सोमवारी मी हे दार उघडते.
आज तू उघड.
तारीख मोठ्यानं वाच.