तारखेचा शिक्का

जानेवारीतला शुक्रवार. सस्कॅचवान. बाहेर उणे चौतीस.
अंगणातल्या गाड्या विजेच्या वायरीनं खांबांना जोडलेल्या,
दावणीला बांधलेल्या गुरांसारख्या,
रवंथ करत नाहीत इतकंच.

विषय बदलायची मुदत: आज, सायंकाळी पाच.
हे माझ्याच अक्षरात काचेवर चिकटवलंय,
'पाच'खाली दोन रेघा.
देवाच्या दयेला अंत नाही
असं या सेमिनरीत दुसऱ्या मजल्यावर शिकवतात,
मंगळवार-गुरुवार, तीन श्रेयांक.
तळमजल्यावर मी बसते. व्हर्ना टीसन, नोंदणी विभाग.

सकाळी एक पोरगा आला.
पहिली ग्रीक न करताच दुसरी हवी होती.
म्हणाला, प्रभूनं बोलावलंय मला.
म्हटलं, बोलावलं असेल बाबा,
पण एखादा धातू चालवून दाखव.
दाखवता आला नाही.
मग आनेलीझ, चॅपेलच्या बारा गैरहजेऱ्या घेऊन,
आणि एक जण नुसताच हीटरपाशी हात शेकायला.
पाचला मी खिडकी लावली.
एकतीस वर्षं मी नियमावर बोट ठेवत आलेय,
बोटाच्या पेराला घट्टा पडलाय त्याचा.

आयझॅक हार्डर आला सोमवारी.
छप्पन्न वर्षांचा. वीस वर्षं धान्याच्या कोठारावर होता,
अजून खांदे असे धरतो की पाठीवर पोतं आहे.
टोपी काढली. अर्ज सरकवला.

विषय: मरणासन्नांची पाळकीय सेवा.
सोडायचा आहे.
'कारण' या रकान्यात काहीतरी लिहून खोडलेलं,
इतकं की कागद फाटलाय.

मी सांगितलं, जे सांगते ते:
मुदत शुक्रवारी संपली, आता नोंद 'नापास' अशी होईल,
फी परत नाही, शिष्यवृत्ती समितीपुढे जाईल.
तो म्हणाला, बरोबर आहे.
वाद घालणारे मला चालतात.
'बरोबर आहे' म्हणणाऱ्यांचं काय करायचं
हे नियमपुस्तिकेत नाही.

कारण तरी सांगा, मी म्हटलं, लिहायला.
त्यानं टोपीची कड फिरवली, एकदा पूर्ण गोल.
"तो विषय," म्हणाला, "घरीच सुरू झालाय."

हीटर कुरकुरत होता.

मला माहीत होती ती. मार्गरेट.
नाताळच्या जेवणाला खसखशीची गुंडाळी पोळी आणायची,
आणि ताट परत न्यायला विसरायची.
तिचं एक ताट अजून आमच्या कपाटात आहे,
खाली निळ्या शाईत 'हार्डर'.

मी शिक्का उचलला.
त्याला एक छोटं दातेरी चाक असतं, अंगठ्यानं फिरवायचं.
रोज पुढे. एकतीस वर्षं रोज पुढे.
मागे फिरतं का, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

फिरतं.
जरा अडतं, पण फिरतं.
एक दात. मधे रविवार लागला,
प्रभूचा वार, त्यावरूनही मागे.
अजून एक. अजून एक.
मग मारला शिक्का, तिरका बसला.
शुक्रवार.

तो बघत होता. काही बोलला नाही.
मीही वर बघितलं नाही.
टोपी घालून गेला, दार उघडलं तेवढ्यात
गारठा आत आला आणि माझे कागद उडाले.

डीनना मी सांगितलेलं नाही.
रविवारी मौन कबुलीजबाबाच्या वेळी
तो मुद्दा माझ्या मनात येतो,
आणि दरवेळी मी त्यावर 'अपूर्ण' अशी नोंद करते.

सप्टेंबरात आयझॅक आला. खांदे तसेच.
मी विचारलं, तो विषय पुन्हा?
नको, म्हणाला. हिब्रू.
अवघड आहे, मी म्हटलं.
"उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं म्हणे," तो म्हणाला,
"बघतो जमतं का."

मुदतीच्या चार दिवस आधी आला होता.
फी रोख भरली, नाण्यांसकट.
शिक्का त्याच दिवसाचा मारला.
मग कपाटातलं ताट काढून दिलं.