खाडाखोड

पिंपळनेरच्या जुन्या कचेरीचे रुमाल
आता साक्रीला, जिन्याखालच्या खोलीत.
लाल फडकं सोडलं की आधी वाळवीची माती सांडते,
मग माणसं.

उखर्डू बिन शेनपडू, राहणार सामोडे,
लिहून देतो ऐसाजे,
पांझरेच्या पाटाचं पाणी मंगळवारी रात्री माझ्या फडाला यायचं,
ते पाटकऱ्यानं मेव्हण्याच्या उसाकडे वळवलं.
रात्र अवसेची, सबब साक्षीदार नाही.

बापाला शेणात टाकून उचललेलं,
मुलाला उकिरड्यावर.
त्यांच्या आधीची किती गेली, ते अर्जात नाही.
नाव हाही अर्जच,
दुसऱ्याच कचेरीत दिलेला,
आणि तो तेवढा मंजूर झालेला.

सोनजी कुंभाराचं गाढव
साहेबाच्या तंबूच्या सामानाला वेठीस धरलं.
तीन आठवड्यांनी आलं ते लंगडत, गळ्यात घंटी नाही.
गाढवाबद्दल त्याचं काही म्हणणं नाही.
घंटी मागतो.

सहीच्या जागी उखर्डूचा नांगर, सोनजीचं चाक.
चाक लांबट झालंय, एका बाजूला बसलंय.
मातीत हा हात असा चुकला नसता.

अर्जनवीस मात्र एकच. अर्जाला दोन आणे.
त्याच्याकडे आले की सगळे सारखेच बोलू लागतात:
अर्जदार अत्यंत गरीब, मायबाप सरकार,
न्याय व्हावा, हे विनंती.
मोडी अशी की ओळ संपेतो बोरू उचललेला नाही.

झेलाबाई कोम दगा हिच्या अर्जात तेवढा उचलला.
शेळी कोंडवाड्यात, पिलू घरी.
दंड दहिवेलच्या बाजारी मिरची विकून भरते,
शेळी आज सोडा,
कारण पिलू
रातभर वरडस.
ऐकलं तसं लिहून गेला,
मग आडवी रेघ मारून वर घातलं: आक्रोश करिते.

खाली बांगडीची निशाणी.
टोकं जुळलेली नाहीत.
वेगळ्या शाईत शेरा: पुरावा हजर करावा.
तारीख आठ दिवस पुढची.

त्या पुढच्या तारखांचा रुमाल कधीतरी भिजला.
पानं एकमेकांना सोडत नाहीत.

परवा तिचा कुणी खापरपणतू आला, नक्कल मागायला,
जमिनीचं काही निघेल म्हणून.
म्हटलं, जमिनीचं नाही हो, शेळीचं आहे.
थोडा वेळ उभा राहिला.
तरी बी द्या, म्हणाला.

नियम असा, की मुळात जे असेल ते उतरवायचं,
खाडाखोडीसकट.
घरी आई असंच बोलायची. मी ऑफिसात बोलत नाही.
मी लिहिलं,
रातभर वरडस,
शाई वाळू दिली,
आणि नियमाप्रमाणे
वरून रेघ मारली.